सीपीयू ब्लॉक बदलू का? ७९५०एक्स ९५ अंशांना चिकटतोय (कस्टम लूप, कोथरूड)

कोथरूडकर_रेंडर
गुरुवार, रात्री ११:४८

मंडळी नमस्कार, दोन वर्षं इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. पीसी पाण्याने थंड होणारा, लूप स्वतः जोडलेला. रायझन ९ ७९५०एक्स सीपीयू, डी५ पंप, वर ३६० चा रॅड (रेडिएटर) आणि पुढे २४० चा, दोन्ही पातळ. ग्राफिक्स कार्ड लूपमध्ये नाही, त्याचं ते बघतं. ब्लॉक, म्हणजे सीपीयूवर बसतो आणि ज्यातून पाणी फिरतं तो, स्वस्तातला घेतला होता, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण दोष त्याचा की माझा हेच अजून कळलेलं नाहीये.

तर झालंय असं की दोनेक वर्षांपूर्वी लूप बांधला तेव्हा सिनेबेंच आर२३ ही सीपीयूची टेस्ट लावली की टेंपरेचर ८९ ला जाऊन थांबायचं आणि स्कोअर ३८,२०० यायचा. आता पहिल्या मिनिटातच ९५, आणि स्कोअर ३६,४००. रात्री रेंडर लावून झोपतो, सकाळी उठून बघावं तर अजून चाळीस फ्रेम बाकी, आणि क्लायंटचा गुड मॉर्निंगचा मेसेज येऊन पडलेला. पंख्यांचा आवाज तर असा की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, गिरणी टाकलीय का.

आता ब्लॉक बदलायचा विचार आहे. डोक्यात हीटकिलर ४ प्रो, ईकेचा वेलॉसिटी २, ॲक्वाकॉम्प्युटरचा क्रायोस नेक्स्ट, नाहीतर परत बाईक्स्की किंवा बॅरो असं चाललंय. यांच्यात खरंच किती अंशांचा फरक पडतो हो? कोणी दोन-तीन ब्लॉक एकाच लूपवर लावून बघितलेत का? जर्मन माल मागवायचा तर कुरियर आणि कस्टम धरून किंमत कुठल्या कुठे जाते, आणि घरात आधीच ऐकतोय की तू पैसे पाण्यात घातलेस. शब्दशः खरं आहे म्हणून उत्तरही देता येत नाही.


शनिवारपेठी
गुरुवार, रात्री ११:५९

आधी आहे तो ब्लॉक उघडून बघा. दोन वर्षांत एकदा तरी उघडलाय का? नसेल तर खरेदीची चर्चा नंतर.


पाण्यातला_पीसी
शुक्रवार, सकाळी ८:१०

पेठेतून सल्ला थोडक्यात आला, पण मुद्दा बरोबर आहे. मी जरा लांबण लावतो, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, ७९५०एक्सवर नुसतं टेंपरेचर बघून ब्लॉकची तुलना होतच नाही. ही चिप बनवलीच अशी आहे की पॉवरची किंवा करंटची मर्यादा आड आली नाही तर ९५ पर्यंत चढायचं आणि तिथे राहून जेवढा क्लॉक (वेग) मिळेल तेवढा काढायचा. एएमडीने हे लाँचच्या वेळीच सांगितलं होतं. म्हणजे चांगला ब्लॉक असो वा भिकार, आकडा ९५ च दिसू शकतो, फरक पडतो तो वॅटमध्ये. सॉकेटची मर्यादा २३० वॅट आहे. तुझं पॅकेज पॉवर, म्हणजे सीपीयू एकूण किती वॅट खातो, ते सिनेबेंच चालू असताना किती दिसतं ते सांग, टेंपरेचर राहू दे बाजूला.

दुसरी, लूप बांधलास तेव्हा महिना कुठला होता? हे सगळ्यात आधी विचारायला हवं होतं. पाणी खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही, रॅड कितीही मोठा लाव. डिसेंबरातली कोथरूडची खोली आणि एप्रिलातली वरच्या मजल्याची, स्लॅब तापलेली खोली यात सहज १२-१३ अंशांचं अंतर असतं आणि ते जसंच्या तसं सीपीयूच्या डोक्यावर बसतं.

म्हणून ब्लॉक मोजायचा तो पाण्याच्या टेंपरेचरपासून. कोअरचं टेंपरेचर वजा पाण्याचं टेंपरेचर, भागिले वॅट. येईल तो आकडा ब्लॉकचा, थर्मल पेस्टचा आणि चिपच्या टोपीचा (चिपवरच्या धातूच्या झाकणाचा) मिळून. पाण्यापासून हवेपर्यंतचं जे उरतं ते रॅड आणि पंख्यांचं, त्यात ब्लॉकचा काही दोष नाही. मी स्वतः दोन ब्लॉक एकाच लूपवर लावून बघितलेत, एक बऱ्यापैकी महाग आणि एक त्याच्या तिसऱ्या हिश्शात आलेला. पॉवर १६० वॅटवर बांधून ठेवली, प्रत्येक ब्लॉक तीनदा काढून तीनदा लावला. महाग ब्लॉक सरासरी अडीच अंशांनी पुढे. पण गंमत पुढे आहे, त्याच महाग ब्लॉकच्या तीन वेळा लावण्यात आपापसात दोन अंशांचा फरक होता! म्हणजे मी एकदाच लावून बघितलं असतं तर कुठलाही निष्कर्ष छातीठोकपणे सांगू शकलो असतो. नेटवर एकेकदा लावून काढलेले तक्ते बघताना हे लक्षात ठेव.

फ्लोबद्दल, म्हणजे पाणी किती वेगाने फिरतं याबद्दल, कोणीतरी विचारणारच म्हणून आधीच सांगतो. २३० वॅटला मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असेल तर ब्लॉकमधून जाताना पाणी साधारण ३.३ अंश तापतं. चार लिटर फिरत असेल तर एक अंशाच्या आत. तेव्हा पंप फुल सोडून कान किटवून घेण्यात अर्थ नाही, डी५ मध्यम वेगावर पुरे होतो. फक्त ब्लॉक आतून बुजलेला असेल तर मात्र फ्लो खरंच पडतो, आणि मला तुझ्याकडे तोच संशय आहे.


कोथरूडकर_रेंडर
शुक्रवार, दुपारी ३:३०

बाप रे, इतकं कोणी लिहील वाटलं नव्हतं. धन्यवाद दादा.

लूप डिसेंबरात बांधला होता, हो. खोली तेव्हा २३ होती, तेव्हाचा स्क्रीनशॉट आहे, पॅकेज पॉवर २३०. आत्ता खोली ३६, पॅकेज पॉवर १८५ च्या वर जात नाही. पाण्याचा सेन्सर लावलेला नाही, पण फिश टँकचा थर्मामीटर रेझरव्हॉयरच्या (लूपच्या पाण्याच्या टाकीच्या) वरच्या भोकातून आत सोडला, अर्धा तास रेंडर चालवून ४४ दाखवतोय.


पाण्यातला_पीसी
शुक्रवार, दुपारी ४:०५

झकास, फिश टँकवाला जुगाड आवडला. आता गणित बघ.

डिसेंबरात खोली २३, तुझ्या रॅडच्या मानाने पाणी ३३ च्या आसपास असणार. ८९ वजा ३३ म्हणजे ५६, भागिले २३०, साधारण ०.२४ अंश प्रति वॅट. आज ९५ वजा ४४ म्हणजे ५१, भागिले १८५, ०.२७ च्या वर. ब्लॉक डिसेंबरात होता तसाच आज असता तर आजच्या ४४ च्या पाण्यावर तुला २१० वॅट मिळाले असते. म्हणजे २३० वरून २१० ला आणलं ते उन्हाळ्याने, आणि २१० वरून १८५ ला आणलं ते ब्लॉकने किंवा पेस्टने. उन्हाळ्याचे वीस वॅट जगातला कुठलाही ब्लॉक परत देणार नाही. पंचवीस वॅट मात्र तुझ्या हातात आहेत, आणि ते बहुतेक फुकट आहेत.


भोसरी_टूलरूम
शुक्रवार, रात्री ९:२०

आमची लाईनच ही, म्हणून बोलतो. भोसरीला व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) बसतो, संगणकातलं फार कळत नाही पण तांबं कळतं.

ब्लॉकचा सगळा खेळ खालच्या तांब्याच्या प्लेटमध्ये आहे, वरची ॲक्रिलिकची टोपी आणि लाईटा हा सगळा मेकअप. त्या प्लेटच्या आतल्या बाजूला केसासारख्या फिन असतात, दोन फिनांमधली फट ०.१ ते ०.३ मिमी. त्या चांगल्या कंपन्या स्काइव्हिंगने काढतात, म्हणजे अणकुचीदार ब्लेडने तांब्याचा पातळ पापुद्रा सोलायचा आणि तुटू न देता उभा करायचा, लगेच पुढचा. खवणीवर खोबरं निघतं तसं, फक्त बुडाशी चिकटलेलं राहतं. त्यामुळे फिन आणि प्लेट एकच धातू, मध्ये सोल्डर नाही, जोड नाही. मी हौसेने एकदा घरच्या घरी ब्लॉक करायला घेतला होता, ०.३ मिमीची स्लिटिंग सॉ (पातळ चकतीची करवत) लावली. तांबं मऊ आणि चिकट, बुरादा दातात अडकतो आणि सॉ कडकन जाते. तीन सॉ मोडल्या, चौथ्या वेळी शेठ मागे येऊन उभे राहिले, प्रोजेक्ट बंद.

पाणी मधोमध एका फटीतून जोरात आत मारायचं आणि फिनांतून दोन्ही बाजूंना पळवायचं अशी साधारण रचना असते, त्या फटीच्या पत्र्याला जेट प्लेट म्हणतात. आता बघा, एवढ्या बारीक फटी म्हणजे ब्लॉक हाच तुमच्या लूपचा फिल्टर झाला. लूपमध्ये कुठेही कचरा असू दे, रॅडमधला सोल्डरिंगचा फ्लक्स असू दे, ट्यूबचं प्लॅस्टिक असू दे, तो जाऊन बसणार तिथेच, बरोबर मधोमध, जिथे खाली चिप आहे. शनिवार पेठेतले साहेब बरोबर बोलले.

बाकी जर्मन ब्लॉक हातात घेतलाय एकदा, हीटकिलर, तो पूर्ण धातूच्या टोपीचा. मशिनिंग बघून जीव गार झाला, कडेला कुठे बर (मशिनिंगनंतर राहणारा खरखरीत काठ) नाही, थ्रेड एकदम स्वच्छ. पण जीव गार होणं आणि सीपीयू गार होणं वेगळं. पैसे त्या कारागिरीला द्यायचे असतील तर जरूर द्या, आमची हरकत नाही, आमचं पोट त्यावरच आहे. नाहीतर तांबट आळीत जाऊन एक मठारकामाचा तांब्या घ्या, तो पण बघायला छान असतो.


जुना_ओव्हरक्लॉकर
शुक्रवार, रात्री १०:०२

आमच्या वेळी ब्लॉक विकत मिळायचेच नाहीत इथे. मारुती ८०० चा हीटर कोअर, फिश टँकचा पंप आणि लेथवाल्याच्या हातापाया पडून करून घेतलेला तांब्याचा ठोकळा, त्यात सरळ ड्रिलची भोकं. गळायचं म्हणून खाली ताट ठेवायचो. तुम्ही पोरं ०.२४ आणि ०.२७ वर भांडताय.

थोडा इतिहास सांगतो मात्र. या बारीक चॅनेलची कल्पना गेमिंगवाल्यांची नाही, १९८१ मध्ये स्टॅनफर्डच्या टकरमन आणि पीज या दोघांनी सिलिकॉनमध्येच ५० मायक्रॉन रुंद खाचा कोरून त्यातून पाणी सोडलं आणि दर चौरस सेंटिमीटरला ७९० वॅट काढून दाखवले. तत्त्व सोपं आहे, पाण्याचा थर जितका पातळ तितकी उष्णता भिंतीतून पाण्यात लवकर शिरते. तुमच्या ७९५०एक्समध्ये कोअरचे दोन चिपलेट (सिलिकॉनचे छोटे तुकडे), प्रत्येकी सत्तरेक चौरस मिमी, करंगळीच्या नखाएवढे. बहुतेक उष्णता तिथूनच येते, आणि वर एएम५ (या चिपचं सॉकेट) ची ती जाडजूड टोपी. पाण्यापर्यंत पोचायच्या आधीच निम्मा खेळ झालेला असतो. म्हणून चांगल्या ब्लॉकांमध्ये दोन-चार अंशांच्या पलीकडे फरक दिसत नाही, ब्लॉक करणार तरी काय.

आणि हो, चिपलेट टोपीच्या मधोमध नाहीत, खालच्या कडेला सरकलेले आहेत. नॉक्टुआने २०२३ मध्ये एएम५ साठी कूलर ७ मिमी खाली सरकवणाऱ्या पट्ट्या काढल्या, त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे १ ते ३ अंश मिळतात. म्हणजे एक वाकडी पट्टी आणि एक महाग ब्लॉक, फायदा जवळपास सारखाच!! ब्लॉक घ्यायचाच असेल तर ब्रॅकेट सरकतं का, ब्लॉक ९० अंशात फिरवता येतो का, हे आधी बघा.


शनिवारपेठी
शनिवार, सकाळी ७:१५

नाना, ताट नव्हे, परात ठेवायचात. मी पाहिलेली आहे.


पाण्यातला_पीसी
शनिवार, सकाळी १०:४०

आता मूळ प्रश्नाचं उत्तर देऊन टाकतो, नाहीतर म्हणेल सगळे बोलले आणि ब्लॉकबद्दल कोणीच नाही.

ईकेचा वेलॉसिटी २ सॉकेटप्रमाणे वेगवेगळा येतो, एएमडीचा घेतलास तर उद्या इंटेलवर गेल्यावर तो तसाच्या तसा बसेल या भरवशावर राहू नकोस. ब्रॅकेट टोपीखाली लपवलेलं आहे त्यामुळे दिसायला सगळ्यात नीट. बाईक्स्की आणि बॅरो पण इंटेल आणि एएमडीचे मॉडेल वेगळे काढतात, मागवताना बघून मागव, चुकीचं आलं की परत पाठवणं म्हणजे डोक्याला ताप. क्रायोस नेक्स्टमध्ये एक वेगळीच चीज आहे, व्हेरिओ नावाच्या मॉडेलला खालच्या प्लेटचा बाक स्क्रूने कमीजास्त करता येतो, म्हणजे चिपच्या टोपीला जसा लागेल तसा. ज्याला दर रविवारी ब्लॉक काढून परत लावण्यात आनंद वाटतो त्याच्यासाठी आहे तो, रेंडर वेळेत द्यायचे असतील तर नाही. त्याचीच चांदीच्या प्लेटची आवृत्ती पण असते. चांदीची उष्णतावाहकता ४२९, तांब्याची ४०० च्या आसपास, त्या फरकासाठी चांदी घेण्यापेक्षा पाडव्याला घरी चांदीचं काहीतरी घे, पैसे पाण्यात घातल्याचं ऐकणं तरी बंद होईल.

हीटकिलर ४ प्रो मला स्वतःला आवडतो, कारण उघडायला सोपा आणि डिझाईन जुनं, म्हणजे लोकांनी घासून घासून तपासलेलं. पण तुझ्या जागी मी असतो तर आधी आहे तोच साफ केला असता.

साफ करताना एकच सांगतो, ब्लॉकची टोपी ॲक्रिलिकची असेल तर तिला आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) किंवा सॅनिटायझर अजिबात लावू नकोस, बारीक चिरा जातात आणि पंधरा दिवसांनी तिथूनच गळतं. प्लेटवर निकेल आहे, तेव्हा चिंच, लिंबू, पितांबरी वगैरे घरगुती उपाय पण नकोत. डिस्टिल्ड वॉटर, भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब आणि जुना मऊ टूथब्रश, फिनांच्या दिशेनेच घासायचं, आडवं नाही.


भोसरी_टूलरूम
शनिवार, दुपारी १:००

अजून एक. फिटिंग बदलायची वेळ आली तर बोहरी आळीत जाऊन पाव इंची न्यूमॅटिकचं फिटिंग आणू नका, स्वस्त दिसतं म्हणून. ब्लॉकचे थ्रेड जी १/४, म्हणजे सरळ बीएसपी, पाणी अडवायचं काम ओ-रिंग करते, थ्रेड नाही. दुकानात बरीचशी टेपर असतात, ती सुरुवातीला छान बसतात आणि आवळता आवळता पाचरीसारखी ॲक्रिलिक फोडतात. टेफ्लॉन टेप पण लावायची नसते, तिचे धागे सुटून परत त्या फिनांत.

आणि ॲल्युमिनियमचा एकही तुकडा तांब्याच्या लूपमध्ये नको. एकाच पाण्यात दोन्ही असले की ॲल्युमिनियम झिजत जातं, आमच्याकडे कूलंटच्या टाकीत रोज बघतो.


कोथरूडकर_रेंडर
रविवार, रात्री ९:५५

उघडला.

फोटो टाकत नाही, जेवणाची वेळ आहे. फिनांच्या मधल्या पट्ट्यात, बरोबर जेट प्लेटच्या फटीखाली, पांढरट हिरवी साय. दह्यावर येते तशी, बोटाला बुळबुळीत. कडेच्या फिन चकाचक, मधल्या वीस-पंचवीस फटींत उजेड दिसत नव्हता. शनिवारपेठी साहेब, तुम्हाला दंडवत.

आता कबुली. गेल्या गणपतीत रेझरव्हॉयर थोडा कमी दिसला तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी टाकलं होतं, शुद्धच असतं म्हणून. आज टीडीएस पेन (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घालून बघितलं तर आमच्या आरओचं ७०, बॅटरीवाल्याकडून आणलेल्या डिस्टिल्डचं २. आणि कूलंट दोन वर्षांत एकदाही बदललेलं नाही. ट्यूब पारदर्शक होती ती दुधाळ झालीय आणि कडक पण.

सगळं टूथब्रशने घासलं, फटींतून उजेड दिसेपर्यंत. ओ-रिंग खोबणीत नीट बसवली, पेस्ट नवी, चारही स्क्रू चाकाचे नट आवळतो तसे समोरासमोर थोडे थोडे. एएम५ ची मागची प्लेट बोर्डवरच राहते हे एक बरं आहे, नाहीतर बोर्ड काढायला लागला असता. मग मदरबोर्डला पॉवर न देता नुसता पंप चालवला, सगळ्या जोडांखाली टिश्यू पेपर ठेवून पाच तास. एक टिश्यू ओला झाला. दचकलो. नंतर कळलं की मुलाने आंबा खाऊन हात पुसला होता.

आकडे. खोली ३५, पाणी ४४, पॅकेज पॉवर २०८, टेंपरेचर ९५, स्कोअर ३७,४००.


पाण्यातला_पीसी
रविवार, रात्री १०:०८

५१ भागिले २०८, ०.२४५. तुझा डिसेंबर परत आला बघ. ब्लॉकचे पैसे वाचले, आता त्यातल्या थोड्याचं चांगलं कूलंट घे, गंजरोधक आणि बायोसाइड (शेवाळ-जंतू मारणारं) असलेलं, आणि ती पीव्हीसी ट्यूब काढून काळी ईपीडीएम रबराची टाक. दिसायला बागेतल्या पाईपसारखी असते पण पीव्हीसीतून जो चिकटा सुटतो तो हिच्यात नाही. आरओचं पाणी प्यायला ठेव, पुष्कळ फिल्टरमध्ये चव यावी म्हणून क्षार परत मिसळलेले असतात, लूपला चव कळत नाही.

आणि मे संपेपर्यंत बायोसमध्ये पॉवर १७० वॅटवर बांध. रेंडरला थोडा वेळ जास्त लागेल पण टेंपरेचर ९५ च्या बरंच खाली येईल आणि खालच्या काकूंना पीठ दळून मागायची इच्छा होणार नाही.


कोथरूडकर_रेंडर
रविवार, रात्री १०:३१

१७० केलं, ८४ वर स्थिर. ईपीडीएमची ऑर्डर टाकली.

हीटकिलर पण कार्टमध्ये आहे अजून. काढवत नाहीये.


भोसरी_टूलरूम
रविवार, रात्री १०:३३

घ्या हो. घेतलात की एकदा भोसरीला आणा, बघू द्या.